समासातली कारणं

छापखान्यात वहिनींचा अंगठा संपावर गेला. बावीस वर्षं कागदाच्या घड्या घालून सांधा असा सुजला, की बाइंडिंग यापुढे झेपणार नव्हतं. त्यांना सगळे वहिनी म्हणत, कारण त्यांचे यजमान एकेकाळी इथेच मशीन चालवायचे. यजमान गेले, आता अंगठाही साथ देईना. इंग्रजी पुस्तकांची प्रुफं तपासणारे लालपेन काका महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांची खुर्ची मिळाली तरच वहिनींची नोकरी टिकणार होती. मालकांनी परीक्षा ठेवली. एक पान, पंचवीस चुका.

"वहिनींना इंग्रजी कुठलं येतंय?" मशीनवाले हसले. त्यांचं तरी काय चुकलं? वहिनींची शाळा सातवीतच सुटलेली. पण रद्दीतल्या प्रुफांत त्या पुस्तकांचे गठ्ठे बांधायच्या, आणि उरलेली प्रुफं दोन वर्षं घरी न्यायच्या. तिथे लाल अक्षरांत नुसती दुरुस्ती नसे, शेजारी समासात साध्या आपल्या भाषेत कारणही असे. 'कर्ता एकटा आणि तिसराच कुणी, म्हणून क्रियापदाला एस.' 'अ की अ‍ॅन, हे अक्षर बघून नाही, उच्चार ऐकून ठरवा.' 'यस्टरडे म्हटलंत ना? मग हॅव कशाला?' भाजी शिजेपर्यंत एक नियम पाठ, असा वहिनींचा शिरस्ता. काका स्वतः मात्र भलतेच तुसडे. "दार लावा, वारा येतो," याखेरीज वहिनींशी कधी अवाक्षर बोलले नव्हते.

परीक्षेत वहिनींनी तेवीस चुका धरल्या. मालकांनी पान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"वहिनी, समासात हा निबंध कसला?"

"कारणं आहेत, साहेब. प्रुफात लिहितात ना, तशी."

"कोण लिहितं? दुरुस्त करणाऱ्याला खूण पुरते. तीस वर्षांत एकाही प्रुफावर कारण पाहिलं नाही मी!"

वहिनींनी काकांकडे पाहिलं. काका स्वच्छ चष्मा उगाचच पुसत बसले होते.

"काम झाल्यावर लिहायचो, रद्दीत टाकण्याआधी," ते पुटपुटले. "प्रुफं घरी नेताना दिसलात एकदा. म्हटलं, नुसत्या खुणांवरून काय कळणार?"

वहिनींचे डोळे भरून आले. दोन वर्षं आपण रद्दी उचलतोय असं त्या समजत होत्या, आणि हा माणूस रोज आपल्याला शिकवत होता.

"सोमवारपासून काकांच्या शेजारी बसा," मालक म्हणाले. "त्यांच्याकडून काम समजून घ्या. मग खुर्ची तुमची."

"काका, तुमचे उपकार..." वहिनी काकांकडे वळल्या.

"उपकार कसले? दोन चुका सुटल्यात. आधी ते दार लावा, वारा येतो."

वहिनी दार लावून आल्या. तोवर काकांनी पान पुढ्यात ओढलं होतं आणि सुटलेल्या दोन चुकांपुढे, या वेळी सगळ्यांदेखत, ते कारणं लिहीत होते.