माळ्यावरची बाटली

निम्म्या बाजारपेठेच्या पाट्या पेंटरच्या हातच्या. त्यामुळे त्याच्या थोरल्या मुलीच्या, मोठीच्या, शाळेत 'घरातली सुरक्षा' यावर हातानं लिहिलेलं पोस्टर करायला सांगितलं, तेव्हा बक्षीस आता कुठं जात नाही, असं घरात सगळे धरूनच चालले. पण मोठी पडली नाकासमोर चालणारी. बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहायला सांगितलंय, तुम्ही फक्त रेघा मारून द्या, असं तिनं बापाला बजावलं. मग काय, अख्ख्या बाजाराला 'येथे गाडी लावू नये' म्हणून दम देणारा माणूस रविवारी दुपारी दहा वर्षांच्या पोरीच्या हुकमाखाली फरशीवर पालथा पडून पट्टीनं रेघा मारत बसला.

रेघा झाल्यावर ती लिहायला बसली. आधी पेन्सिलीनं, मग स्केचपेननं गिरवायचं. पहिला नियम गॅसचा, दुसरा ओल्या हातानं बटण न दाबण्याचा. अवघड जोडाक्षर आलं की तिची जीभ ओठांबाहेर यायची. पेंटर कौतुकानं बघत होता. तिसरा नियम वाचला आणि त्याचा चेहराच पडला.

'माळ्यावरची बाटली लहान मुलांनी काढू नये. मी काढली होती.'

शेजारी ती चित्रही काढायला लागली. स्टुलावर चढलेली दोन वेण्यांची मुलगी, वर माळ्यावर बाटली, आणि खाली पाण्याची वाट बघणारी धाकटी बहीण.

आता खरं काय झालं होतं ते ऐका. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. थिनरचा डबा कामावर न्यायला जड, म्हणून पेंटर थिनर पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून न्यायचा. अक्कल गहाण ठेवायला कुणाची परवानगी लागते? त्या दिवशी ब्रश धुवायला म्हणून ती बाटली त्यानं स्वयंपाकाच्या ओट्यावर पाण्याच्या बाटलीला लागून ठेवली, तेवढ्यात फोन आला आणि बोलत बोलत तो बाहेर गेला. धाकटी तेव्हा दोन वर्षांची. तिनं पाणी मागितलं. सात वर्षांच्या मोठीनं शहाण्यासारखं समोरची बाटली उचलली आणि पेल्यात ओतून बहिणीला दिलं.

धाकटी चार दिवस हॉस्पिटलात होती. वाचली बिचारी. पण बाटली कुठं ठेवली होती असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शेजारी बायको उभी होती, आणि पेंटरची पाचावर धारण बसली. माळ्यावर ठेवली होती, मोठीनं काढली असणार, असं तो बोलून गेला. झालं. आईनं तिथंच, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, मोठीला फैलावर घेतलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं.

धाकटी घरी आली की खरं सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. मग ती नीट खायला लागली की सांगू. मग विषय निघाला की सांगू. विषय निघायचा, पण तो मोठीची चेष्टा करायला. कारण कुणालाही पाणी देताना ती आधी पेला हुंगायची. अजूनही हुंगते. मामा हसायचा, मावशी हसायची, आणि त्यांच्याबरोबर हाही हसायचा. लाज वाटायला हवी होती मेल्याला. वाटतही होती, रोज वाटत होती, पण तोंड काही उघडत नव्हतं.

आज मात्र त्याला राहवेना. उद्या हे पोस्टर शाळेच्या भिंतीवर लागणार, आणि त्याचा गुन्हा पोरीच्या नावानं सगळी शाळा वाचणार. त्यानं बायकोला हाक मारली. ती हात पुसत दारात आली.

"हे खोडून टाक," तो मोठीला म्हणाला. "बाटली माळ्यावर नव्हतीच. मी ओट्यावर ठेवली होती, पाण्याच्या बाटलीला लागून. तुझी काही चूक नव्हती. मी खोटं बोललो."

बायको आत येऊन पोस्टरपाशी बसली. नवऱ्याला काय बोलायचं ते ती नंतर बोलणारच होती, पण त्या वेळी ती मोठीकडेच बघत राहिली. तीन वर्षांत या पोरीला आपण काय काय बोललो, ते सगळं तिला एकदम आठवलं असावं.

मोठी तेवढी शांत होती. तिनं बापाच्या पाठीवर हात ठेवला, आजारी माणसाच्या ठेवतात तसा.

"मला वाईट वाटू नये म्हणून सांगताय ना, बाबा? पण मला आठवतंय. मी स्टुलावर चढले होते. बाटली खूप आत होती."

"अगं, तेव्हा आपल्याकडे स्टूल नव्हतंच," आई म्हणाली. "गेल्या वर्षी आणलंय ते."

मोठीनं चित्राकडे बघितलं. मग तिनं खोडरबर घेतलं आणि स्टूल पुसून टाकलं.

"मग पिठाच्या डब्यावर चढले असेन," ती म्हणाली, आणि मुलीच्या पायांखाली डबा काढायला लागली.