गुणाजीअण्णांची पाटी

भोईवाड्यातल्या त्या चाळीत सत्यनारायणाच्या पूजेला एक वेळ प्रसादाचा शिरा कमी पडलेला चालतो, पण गाऱ्हाणं कमी पडलेलं खपत नाही. सगळ्यांची सुखदुःखं मालवणीत देवाच्या कानावर घालायची आणि प्रत्येक मागण्याला चाळीनं 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, ही इथली रीत. तीस वर्षं हा मान गुणाजीअण्णांचा. यंदा मात्र त्यांच्या घशातली गाठ काढली होती. गाठ साधीच निघाली, पण महिनाभर तोंडातून अक्षर काढायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी होती. आवाज पहिल्यासारखा होईल का, यावर ते नुसतं 'बघू' म्हणाले होते.

म्हणून गाऱ्हाणं पुतणीकडे आलं. अपेक्षा घोडपदेवला शाळेत शिकवायची आणि वक्तृत्वाच्या ढालींनी तिचं कपाट भरलेलं होतं. तिनं एका बैठकीत दोन पानं लिहिली आणि योग्य त्या जागी आवाज कापरा करत अण्णांना म्हणून दाखवली.

"सर्वांचा दुःख दूर कर, सर्वांका सुखसमृद्धी दे रे म्हाराजा..."

अण्णांनी पाटी उचलली. ती तिनंच त्यांना आणून दिली होती. त्यांनी लिहिलं, 'कोणाक?'

"सगळ्यांका, अण्णा."

अण्णांनी पुसलंसुद्धा नाही. त्याच शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

अपेक्षाचं डोकं फिरलं. वर्गातही हेच व्हायचं. कविता शिकवताना ती डोळ्यांत पाणी आणायची आणि चौथीची मुलं खुशाल खिडकीबाहेर बघत बसायची. आता चाळही तशीच बसली तर अण्णांच्या तीस वर्षांच्या मानाची तिच्या हातून माती व्हायची. ही भीती तिला रात्रभर खात राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या माळ्यापासून एकेक दार वाजवत, ज्याचं त्याचं सुखदुःख विचारत निघाली. आठ दिवस, रोज संध्याकाळी. पूजेआधी अण्णा चाळभर चहा ढोसत का हिंडतात, हे तिला तेव्हा उमगलं. इतकी वर्षं ती त्याला रिकामटेकडेपणा समजत आली होती. आपण किती शहाण्या, असं वाटून ती मनातल्या मनात ओशाळली.

शेवटी तिनं घरी विचारलं, "अण्णा, तुमचा काय सांगू?"

पाटीवर आलं, 'काय नाय.'

तीस वर्षांत त्यांनी स्वतःसाठी एकदाही काही मागितलं नव्हतं, हे तिला आठवलं.

पूजेच्या दिवशी तिनं ती दोन पानं घरीच ठेवली. पहिला 'व्हय म्हाराजा' अगदीच पातळ आला. निम्मी मंडळी मोबाइलमध्ये होती. तरी ती बोलत राहिली.

"बा म्हाराजा, दुसऱ्या माळ्यावरच्या हितेंद्रान चार वेळा सीएची परीक्षा दिली. चार वर्सा तेच्या आवशीन साखर सोडली हा. यंदा तेका पास कर नि त्या माउलीक गोड खाऊ दे रे म्हाराजा."

हशा पिकला आणि त्या हशातूनच दणकून 'व्हय म्हाराजा' आला. हितेंद्र खाली मान घालून हसत होता. त्याच्या आईनं मात्र हात जोडले होते.

"रखमाकाकूची नात कॅनडात हा. फोनवर नुसता 'हाय' म्हणता नि पळता. तिका आजयेची भाषा कळू दे रे म्हाराजा."

आता मोबाइल खिशात गेले होते. रखमाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

"आणि बा म्हाराजा, सतरा नंबरच्या खोलयेत एक माणूस हा. तीस वर्सा तेना सगळ्यांसाठी मागला. स्वतःसाठी..."

तिचा आवाज थांबला. इथे कापरा करायचा, असं काही तिनं ठरवलं नव्हतं. तो आपला आपणच गेला. वाक्य पुरं व्हायची कुणी वाट बघितली नाही. 'व्हय म्हाराजा' असा उठला की खालच्या गल्लीतला इस्त्रीवाला बाहेर येऊन वर बघायला लागला.

पहिल्या रांगेत अण्णांनी बाहीनं पाटी पुसली आणि त्याच बाहीनं डोळेही. दोन्ही डोळ्यांभोवती खडूची पांढरी कडी उमटली. मग त्यांनी काहीतरी लिहून पाटी वर धरली.

'कोणाक?'

"तुमकाच, अण्णा," अपेक्षा रडत, हसत म्हणाली.

अण्णांनी पाटी मांडीवर घेतली आणि त्या शब्दाखाली सावकाश लिहिलं, 'व्हय म्हाराजा.'