दोन्ही जहाजांचं पाणी

भामाकाकीचा धंदा जहाजांना शिधा पुरवायचा. पनवेलच्या बाजारात भाजी, तांदूळ आणि पाण्याचे कॅन टेम्पोत भरायचे आणि उरणच्या जेट्टीवरून लाँचने खोल समुद्रात उभ्या जहाजांना पोचवायचे. सध्या तिची गिऱ्हाइकं दोन परदेशी जहाजं, एक मोठं आणि एक छोटं, आणि नेमकं त्या दोघांच्याच देशांत युद्ध जुंपलेलं. त्यातल्या छोट्या जहाजावरचं पाणी संपत आलं होतं.

सकाळीच जहाजांच्या ऑर्डरी आणणारा एजंट भावेश दुकानात आला. मोठ्या जहाजाच्या कंपनीचा निरोप होता: छोट्याला माल दिलात, तर आमची ऑर्डर बंद.

"काकी, मोठं गिऱ्हाईक आहे," भावेश म्हणाला. "आपला देश न्यूट्रल आहे. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"पानी बंद केलं का आपन मदी पडलोच की, बाला."

भावेश हसला. त्याला काय ठाऊक म्हणा! भामा लहान असताना गावाने तिचं घर वाळीत टाकलं होतं. बांधावरून भांडण झालं आणि बापाने पंचांपुढे मान तुकवली नाही, एवढंच कारण. विहीर बंद, दुकान बंद, सख्खी आत्यासुद्धा तोंड फिरवून जायची. तेव्हा डोंगराकडच्या कातकरी वाडीने आपल्या झऱ्यावर भामाच्या आईला हंडा भरू दिला. त्या वाडीचं गावाशी वैर नव्हतं आणि भामाच्या बापाशी सोयरीकही नव्हती. गावाने डूख धरला आणि अख्ख्या वाडीची भातकापणीची मजुरी तोडली. तरी हंडा अडला नाही. त्या वाडीतली शुक्री आज भामाच्याच दुकानात कामाला होती.

"मग काय सांगू त्यांना?" भावेशने विचारलं.

भामाला भीती वाटली. मोठी ऑर्डर गेली तर दुकान तगणं कठीण होतं. तिने शुक्रीकडे पाहिलं. शुक्री एकीकडे टेम्पोत कॅन चढवतच होती, कोणाला न विचारता.

"सांग, भामा देतेय."

"काकी, धंदा बुडेल."

"बुडूदे. त्यांना सांग, तुमची लढाई तुमच्या देशात. माज्या लाँचवर नाय चालायची."

जेट्टीवर लाँचवाल्या काशिरामने विचारलं, "पयलं कुठं जायचं?"

"जिथं पानी संपलंय तिथं."

शुक्रीने मोठ्या जहाजाच्या भाजीच्या गोणीकडे बोट दाखवलं. "ही परत नेऊ?"

"चढव," भामा म्हणाली. "त्यांनी तोडलं. आमी नाय तोडलं."