भावाचं रक्त
कालवड काराकाश तीन वर्षांची झाली तरी माजावर येईना, तेव्हा ओमुरझाकनं तिला दोरी लावून खालच्या गावात कुबातच्या वळूकडे नेलं. वळूनं तिला मागून हुंगलं, वरचा ओठ वर आवळला आणि पाठ फिरवून चाऱ्याला तोंड लावलं. कुंपणावर बसलेला कुबात हसत सुटला.

"अरे ओमुरझाक, माझ्या वळूला ही आपल्याच जातभाईसारखी वाटली! मान बघ तिची. एवढं मांस, आणि तू दुधाची वाट बघत बसलायस? हिवाळ्याला कापायला मला दे."

ओमुरझाकनं दोरी ओढून काराकाशला वळवलं. भांडायचं तर शब्द लागतात, आणि त्याची शब्दांची सवय मोडली होती. बायको गेल्यापासून तो दिवसच्या दिवस फक्त मेंढ्यांना हाक घाली. मुलगी नुरझामाल मॉस्कोत एका गोदामात कामाला होती. रविवारी तिचा फोन येई. तब्येत, हवा, गुरं हे विचारून दोन मिनिटांत संपे. मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत राहत.

काराकाश जन्मली ती त्याच्या बायकोच्या, शारकानच्या, शेवटच्या हिवाळ्यात. आधी गोऱ्हा आला. ओमुरझाक वार पडायची वाट बघत होता, तर शारकान म्हणाली, "थांब, आत अजून एक आहे." आजारानं काटकी झालेला हात तिनं कोपरापर्यंत आत घातला आणि काळ्या भुवयांची ही कालवड ओढून काढली. "हिचं दूध आपण पिऊ," म्हणाली. वसंतात शारकान गेली. तिला जाऊन वर्ष झालं, त्या जेवणाला गोऱ्हा कापला. पुढं म्हातारी गाय आटली, तीही विकली. कालवड तेवढी राहिली.

जनावरांची डॉक्टर असिपा मेंढ्यांना लस टोचायला आली, तेव्हा त्यानं काराकाशला पुढं केलं. असिपानं बोटाएवढी गुळगुळीत नळी हळूच आत सरकवली. ती चार बोटं गेली आणि अडली.

"काका, ही जुळी होती का?"

"हो. भाऊ होता."

असिपा नळी पुसत उभी राहिली. 

"पोरी, बोल की."

"ही कधीच विणार नाही, काका. आत पिशवी धड झालेलीच नाही. पोटात दोघांची वार एकमेकांत गुंतली, दोघांचं रक्त एक झालं. त्याचे वृषण आधी तयार झाले. त्यांतून निघालेले रस रक्तातून हिच्यात उतरले. त्यांनी हिच्या पिशवीची वाढ थोपवली, अंडाशयाला भलतीच वाट दाखवली. तेव्हा ही उंदराएवढी असेल. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या दहातल्या नऊ कालवडी अशाच निघतात."

"मग इंजेक्शन दे. मागल्या वर्षी तू मेंढ्यांच्या आत औषधाचे बोळे ठेवलेस. काढल्यावर दोन दिवसांत सगळ्या माजावर आल्या. मी बघितलंय."

"त्यांच्या आत ऐकणारं कुणी होतं, काका. हे रस रक्तातून शिंगापासून खुरापर्यंत फिरतात, पण ज्या पेशीला त्यांची खूण पटते तीच हलते. हिच्या पोटात हाक मारून उपयोग नाही. तिथं घरच बांधलेलं नाही."

ओमुरझाक काराकाशच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"शारकानला जन्मतानाच कळलं असतं का हे?"

"नाही. वरून काही दिसत नाही."

"बरं झालं," तो म्हणाला.

रविवारी त्यानं मुलीला सांगितलं.

"विकून टाका, बाबा. आणि तुम्हीच इकडे या."

"तिथं येऊन काय करू?"

 पाठीमागं कुणीतरी तिला कामावर बोलावत होतं.

पंधरा दिवसांनी असिपा पुन्हा आली. तिच्याबरोबर मालट्रक होता. खोऱ्यातल्या एका मोठ्या दुधाच्या गोठ्यात गाईंना कृत्रिम रेतन करत. कोणती गाय माजावर आलीय यावर दिवसभर डोळा ठेवायला माणसंच उरली नव्हती, सगळी रशियात. काराकाशसारखी कालवड कळपात सोडली तर ती वळूसारखी माजाच्या गाईवर चढते, आणि तिच्या हनुवटीखाली बांधलेल्या रंगाची खूण गाईच्या पाठीवर उमटते.

"आधी थोडे दिवस नराच्या रसाची इंजेक्शनं द्यावी लागतील."

"मागल्या खेपेला म्हणालीस, इंजेक्शन चालत नाही!"

"पिशवी नाही, म्हणून गाभण राहायला चालत नाही. पण मान, स्नायू, मेंदू तर आहेत ना? ते ऐकतात." मग ती हळू आवाजात म्हणाली, "इथं ठेवलीत तर हिवाळ्यात तुम्ही तिला विकालच, काका. तिथं जगेल."

चारा कमी होता, हे दोघांनाही दिसत होतं. ट्रकच्या फळीवर काराकाश अडून बसली. ओमुरझाक पुढं चढला, तेव्हा ती त्याच्या मागोमाग निमूट चढली. मग त्याला एकट्याला उतरावं लागलं.

सप्टेंबरात मेंढ्या शेजाऱ्याकडे सोपवून तो तिला बघायला गेला. तिची मान आणखी जाड झाली होती, हनुवटी लाल. त्यानं हाक मारली. तिनं मान वर केली, चालत आली, त्याचा तळवा खरखरीत जिभेनं चाटला. तेवढ्यात एक तपकिरी गाय जवळून गेली. काराकाशनं नाक वर करून वास घेतला आणि ती तिच्या मागं निघाली.

"तुमची का ही?" धारा काढणाऱ्या बात्मानं विचारलं. "आमच्या तिघांचं काम एकटी करते! बसा, काका, चहा घ्या."

"नको, घरी वाट..." म्हणता म्हणता ओमुरझाक थांबला. मग बाकावर बसला.

बात्मानं चहा ओतला, रोटी मोडून पुढं ठेवली आणि बादली उचलून गेली. परतीची गाडी तीनला होती. आत्ता कुठं एक वाजला होता. त्यानं चहा सावकाश प्यायला, वाटी स्वतःच विसळून पालथी घातली, आणि गाडीची वेळ होईपर्यंत कुंपणाशी उभा राहिला.