तोरणाखालचा मेजर

गजेंद्र फौजेत सतरा वर्षं होता. त्यातली सोळा त्यानं एका डेपोत दूध पावडरीच्या डब्यांवर नजर ठेवण्यात काढली, सतरावं कंबरदुखीत गेलं. गालावरचा दोन इंचांचा व्रण अशाच एका डब्याच्या झाकणाचा होता. पण तांदूळखेडात कोणी त्याबद्दल विचारलं की तो उत्तर द्यायचा नाही. लांब डोंगराकडे बघायचा आणि चहाचा घोट घ्यायचा. खोटं तो एकदाही बोलला नाही. जे बोलायचं ते गावानंच बोलून घेतलं. निवृत्त झाला तेव्हा नाईक होता, गावात पोचेस्तोवर मेजर झाला.

त्याला भीती दोनच गोष्टींची होती. एक, मार लागण्याची. दुसरी, ही पहिली भीती लोकांना कळण्याची. आजवर दोन्ही टळल्या होत्या. पोळ्याला दोन्ही एकदम आल्या.

पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी न्यायचा मान तांदूळखेडात उकंडरावाच्या घराण्याचा. यंदा कारभारी नावाचा गडी सरपंच झाला आणि म्हणाला, मान सरपंचाचा. पंधरा दिवस दोन्हीकडे काठ्यांना तेल लागत होतं. शेवटी पोलीस पाटलानं तोड काढली. मान ना ह्याचा, ना त्याचा. यंदा मान फौजेचा. पहिली जोडी मेजरनं न्यावी. फौजेच्या विरोधात चारचौघांत बोलायची सोय नसल्यामुळे दोघांनी माना डोलावल्या.

निरोप आला तसा गजेंद्रचा हात कंबरेवर गेला.

"कंबर राहू द्या घरी," त्याची बायको कोकिळा म्हणाली. "तुमी जा."

घरी ट्रॅक्टर होता, बैल नव्हते. कोकिळानं रोहिणखेडला भावाला फोन केला. भागवतकडे दोन जोड्या होत्या. पोळ्याच्या सकाळी त्यातली एक घेऊन तो हजर झाला. शिंगांना रंग, पाठीवर झुली, एकाच्या कपाळावर पांढरा चांद.

"दाजी, एक सांगतो," भागवत म्हणाला. "हे बैल म्या दोन सालाखाली धामणगावच्या बजारात घेतले. इकणारा तुमच्याच गावचा होता. पाटलाले एकडाव इचारून घ्या."

सोळा वर्षं डबे मोजलेल्या माणसाला एक बैल आणि दुसरा बैल यांत फरक दिसत नाही. गजेंद्रनं बैलांभोवती एक चक्कर मारली. "शिंगं चार, पाय आठ. माल बरोबर हाये."

दुपारी सगळं गाव तोरणापाशी जमलं. ताशा वाजत होता. कासरा भागवतच्या हातात, त्याच्या मागे छातीवर पदकं लावलेला गजेंद्र. चांद असलेला बैल तोरणाच्या चार हात अलीकडे थांबला, त्यानं नाक वर करून वास घेतला, सरळ कारभाऱ्याकडे गेला आणि त्याच्या खांद्यावर मान टाकली.

ताशा थांबला.

"हा तं चांद्या व्हय," उकंडरावाच्या बाजूचा एक म्हातारा म्हणाला. "कारभाऱ्याच्या गोठ्यातला."

या गावात माणूस एखाद्या वेळी भाच्याचं नाव विसरेल, बैलाचं कपाळ विसरत नाही. कारभाऱ्याचेही डोळे भरून आले होते, आणि तेच पुरावा म्हणून पुरेसे होते.

"वा मेजर," उकंडराव म्हणाले. "त्याचेच बैल घेऊन माह्या मानावर आले. तुमाले कितीत घेतलं त्यानं?"

गजेंद्र लांब बघायला लागला. पण डोंगराच्या आणि त्याच्या मधे आता काठ्या होत्या.

पहिली काठी ताशेवाल्याच्या डोक्यात पडली. तो कोणत्याच बाजूचा नव्हता. दुसरीनं कारभाऱ्याच्या भावाचा जबडा फुटला आणि तीन दात ताशावर येऊन वाजले. कोणीतरी बैल हाकायच्या तुतारीची टोकदार आर एकाच्या मांडीत घातली. ती हाडाला अडकली म्हणून दोन्ही हातांनी उपटून परत घातली. पासष्टीच्या उकंडरावांनी एकाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तेवढ्यात त्यांच्या गुडघ्यावर दगड आला. एकाचा कान दुसऱ्याच्या दातांत राहिला. पाटील शांततेचं आवाहन करत घराच्या पत्र्यावर चढले.

मग उकंडरावांचे सहा पुतणे कुदळीचे दांडे घेऊन गजेंद्रकडे निघाले.

गजेंद्रनं आयुष्यात एवढ्या वेगानं निर्णय घेतला नव्हता. त्यानं भागवतचे दोन्ही खांदे धरले आणि दार ओढून घ्यावं तसं त्याला आपल्यासमोर ओढून घेतलं. दांडा भागवतच्या डोक्यात बसला. आवाज ओला आला. भागवत वळला, दाजींकडे नीट बघितलं आणि खाली पडला. तोवर दाजी चांद्याच्या पोटाखाली शिरून झुलीला लोंबकळले होते.

दुसरा दांडा चांद्याच्या पाठीत बसला. जोडी उधळली ती सरळ सहा जणांवरून. एकाची मांडी शिंगानं हाडापर्यंत उघडी झाली, एकाच्या बरगड्या गेल्या, एकाच्या पंज्यावर खूर पडून त्याची बोटं चिखलात वेगवेगळ्या दिशांना वळली. उरलेले तिघे मागच्या पायांखाली आले. शिंगांना अडकून तोरण तुटलं. धूळ बसली तेव्हा मेजर तोरणापलीकडे उभा होता. गळ्यात आंब्याची पानं, अंगभर रक्त, त्यातलं त्याचं एक थेंबही नाही. सतरा मोबाईलांत हे सगळं चित्रित झालं. सगळ्यांत धूळ फार छान आली आहे.

गावातल्या शकूरच्या टेम्पोतून दोन्हीकडचे चौदा जखमी बुलढाण्याला नेले. हात वर करायला जागा नसल्यामुळे वाटेत भांडण झालं नाही.

भागवतच्या डोक्याला एकोणीस टाके पडले. दोन दिवस तो शुद्धीत नव्हता. दोन दिवस गजेंद्र खाटेजवळून हलला नाही. सिस्टर म्हणाल्या, असा मेहुणा मिळायला नशीब लागतं. त्याला फक्त भागवतचं पहिलं वाक्य ऐकायचं होतं, शक्यतो इतरांच्या आधी.

तिसऱ्या दिवशी भागवतनं डोळे उघडले तेव्हा कोकिळाही होती आणि जबाब घ्यायला आलेले हवालदारही. भागवतनं गजेंद्रकडे बराच वेळ बघितलं.

"लिवा साहेब," तो म्हणाला. "ते सहा जण माह्यावर आले. दाजी एकटे मंधात पडले. सहाच्या सहा त्यायनंच झोपवले."

कोकिळानं पदर डोळ्यांना लावला.

"हत्यारानं की हातानं?"

"हातानं. फौजी हात हाये तो."

"तसं नाही झालं," गजेंद्र म्हणाला.

"मग कसं झालं, मेजर?" हवालदारांनी पेन थांबवलं. "शेजारच्या वार्डातले ते सहाबी हेच सांगून राह्यले."

बैलाखाली आलो म्हणण्यापेक्षा मेजरनं मारलं म्हणणं त्या सहा जणांना बरं वाटलं होतं. गजेंद्रला एकच वाक्य बोलायचं होतं: मी बैलाखाली होतो. कोकिळा त्याच्याकडे बघत होती, लग्नातही बघितलं नव्हतं तसं.

"तसंच झालं," गजेंद्र म्हणाला आणि सही केली. सहा जणांना गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा त्याच्या नावावर लागला. हवालदार गेले, कोकिळा चहा आणायला गेली.

"काऊन केलं असं?" गजेंद्रनं हळूच विचारलं.

"माही बहीण हाये तुमच्या घरात," भागवत म्हणाला. "नवरा भेकड निघाला हे तिनं काऊन आयकावं? मेला तं चालते." त्यानं शेजारच्या वार्डाकडे बोट केलं. "पहाटीच जागा झालो होतो, डोळे मिटून त्यायचं आयकलं. सहातल्या तिघायले बेस्तरवारी दवाखान्यातून सुट्टी हाये. त्यायचा थोरला म्हणे, मेजरले एकट्यानं गाठाचं नाई. सगळे संग जाऊ."

गजेंद्र उठून बाहेर आला. सिस्टर टेबलाशी केसपेपर लावत होत्या. गुरुवारपासून एखादी खाट मिळेल का, असं त्यानं विचारलं.

"कोणासाठी?"

"माह्यासाठी."

सिस्टरांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्हाला काय झालंय?"

"अजून काही नाही," गजेंद्र म्हणाला.