रक्त थांबेना

भोकरजवळच्या एका खेड्यात राजकन्या शाळेची खिचडी शिजवायची. तिच्या पित्ताशयात खडे निघाले होते. जेवलं की पोटात अशी कळ उठायची की तिला उभं राहवत नसे. नांदेडच्या दवाखान्यानं ऑपरेशनची तारीख दिली आणि तपासणीत रक्त वेळेत थांबेना म्हणून दोनदा पुढे ढकलली.

तिसऱ्या खेपेलाही ती आणि नवरा सुदाम सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. लॅबवाल्यानं तिच्या कानाच्या पाळीला सुई टोचली आणि दर अर्ध्या मिनिटाला कागदानं रक्त टिपत राहिला. चार-पाच मिनिटांत थांबायला हवं होतं. अकरा मिनिटं झाली तरी कागदावर लाल ठिपके उमटतच होते.

"आजबी ऑपरेशन जमत नाही," तो म्हणाला.

सुदाम भडकला. "मागल्या बारीला प्लेटलेट मोजायला लावल्या. दोन लाख साठ हजार निघाल्या. आता अजून काय कमी हाय?"

आवाज ऐकून भूल देणाऱ्या डॉक्टर सिंधु बाहेर आल्या. "ताई, कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

राजकन्याच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. "दर बारीला हेच इचारता. न्हाई म्हणून सांगितलं की! मी काय खोटं बोलून राहिले का?"

डॉक्टर तिच्याशेजारी बाकावर बसल्या. "बरं. डोकं-बिकं दुखलं तर काय करता?"

"पुडी घेते. धुरानं रोजच ठणकतंय. पाण्यात टाकायची न् प्यायची."

"रोज?"

"रोज. कधी दोन. पण ती गोळी थोडीच हाय?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "त्या पुडीत अ‍ॅस्पिरिन असतं, ताई. प्लेटलेट नुसत्या असून भागत नाही, त्या एकमेकींना चिकटाव्या लागतात. त्यांच्यात एक एन्झाइम असतं. त्याच्या जोरावर त्या बाकीच्या प्लेटलेटना हाक मारतात. अ‍ॅस्पिरिन ते एन्झाइमच बंद पाडतं, आणि प्लेटलेटला ते पुन्हा बनवता येत नाही. जुन्या जाऊन नव्या येईपर्यंत आठ-दहा दिवस थांबावं लागेल."

"अजून धा दिवस?" राजकन्या उसळली. "दोन महिने झाले मी मरून राहिले! पुडीचं एकदा तरी इचारायचं ना!"

"विचारायला पाहिजे होतं," डॉक्टर म्हणाल्या. "चूक आमचीच."

त्यानं तिचं समाधान झालं नाही. गावी येताच सुदामनं घरातल्या सगळ्या पुड्या उकिरड्यावर फेकल्या, तेव्हा ती त्याच्यावरच ओरडली. तिसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं की कपाळाला फडकं घट्ट आवळून तिनं खिचडी ढवळली. सहाव्या दिवशी पोट आणि डोकं एकदमच उठलं. ती दुकानापर्यंत गेली, दुकानदारानं सवयीनं बरणीत हातही घातला. पण ती तशीच माघारी फिरली आणि वाटेत रडली.

अकराव्या दिवशी रक्त साडेतीन मिनिटांत थांबलं. लॅबवाला हसला; राजकन्या हसली नाही. दुपारी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर सिंधु बाटलीतले खडे दाखवायला आल्या, तर तिनं मान फिरवली.

"ते राहू द्या. डोकं दुखल्यावर काय घेऊ, ते कागदावर लिहा. मराठीत."

डॉक्टरांनी उभ्याउभ्याच लिहून दिलं. तिनं कागद दोनदा वाचला आणि सुदामच्या खिशात कोंबला.