सगळ्यांत कमी भावाची चिठ्ठी

टोचणीला हे नाव तिच्या आत्याने दिलं होतं आणि ते उगाच दिलं नव्हतं. लहानपणी ती "का?" विचारायला लागली की समोरचा माणूस वैतागून उठेपर्यंत थांबत नसे. मोठी झाली तरी खोड गेली नाही, फक्त त्या खोडीचा पगार मिळायला लागला. एका मोठ्या फर्ममध्ये ती कंपन्यांच्या शेअरचं मूल्यांकन करायची. कुणाला भागीदारी विकायची असते, कुणाला वाटणी हवी असते. अशी मंडळी हिला बोलावतात. ही त्यांच्या रोकडीत, कर्जात आणि गोदामात नाक खुपसते आणि सांगते, की तुमचा एक शेअर एवढ्याचा. मंडळी हिरमुसतात, फी देतात आणि जातात.

हे वेड तिला लावलं बाबांनी. जेवताना ते विचारायचे, "कोपऱ्यावरचं केस कापायचं दुकान विकत घ्यायचं, तर किती देशील?" टोचणी खुर्च्या मोजायची, आरसे मोजायची, कात्र्यांचा अंदाज करायची. बाबा हसायचे. "आरसे काय घेऊन बसलीस? उद्या किती डोकी येतील ते बघ. आणि तो न्हावी दुकान सोडून गेला, तर किती येतील तेही बघ."

असा हा माणूस. आणि त्यानेच स्वतःच्या घरच्या कारखान्याची किंमत वर्षानुवर्षं चुकीची सांगितली. एकदा नाही, दरवर्षी. आता बाबा नव्हते, आणि विचारायचं कुणाला हा भुंगा टोचणीच्या डोक्यात शिरला होता.

कारखाना शिड्यांचा. घडीच्या, सरकत्या, भिंतीला टेकायच्या, सगळ्या ॲल्युमिनियमच्या. आजोबांनी तो काढला आणि तीन मुलांना शेअर वाटून दिले: थोरली आत्या, मधले काका आणि धाकटे बाबा. आजोबांचा मुलांवर विश्वास होता, मुलांच्या तोंडावर नव्हता. म्हणून त्यांनी कंपनीच्या नियमांतच एक गंमत घालून ठेवली. वर्षातून एकदा तिघांनी बसायचं आणि आपल्या मते एका शेअरचा भाव काय, तो गुपचूप चिठ्ठीवर लिहायचा. ज्याचा भाव सगळ्यांत जास्त, त्याने सगळ्यांत कमी भाव लिहिणाऱ्याचे शंभर शेअर विकत घ्यायचे, दोन्ही भावांच्या बरोबर मधल्या दराने. घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही, विकणाऱ्यालाही नाही. उगाच फुगवून सांगाल तर खिशाला चाट, उगाच पाडून सांगाल तर वाटा हातचा जाणार. वकिलाने म्हणे डोकं धरलं होतं. आजोबा म्हणाले, "भाव सांगायला पैसे पडले पाहिजेत, मग माणूस खरं बोलतो."

पण बाबा? बाबा दरवर्षी सगळ्यांत कमी लिहायचे आणि काका सगळ्यांत जास्त. आत्या मधे. गेल्या वर्षी काकांनी पाचशे लिहिले होते आणि बाबांनी दोनशे. चिठ्ठीवरचे आकडे शेकड्यांत असायचे, पाचशे म्हणजे शेअरमागे पन्नास हजार रुपये. दरवर्षी शंभर शेअर काकांकडे जायचे. कारखान्यात सगळे बाबांना भित्रा म्हणत, तेही प्रेमाने, त्यामुळे ते अधिकच लागत असे. बाबा गेले तेव्हा टोचणीसाठी मागे राहिले शेवटचे शंभर शेअर आणि बँकेत एक ठेव. ठेव चांगली घसघशीत होती. बुटांचे तळवे बदलून बदलून वापरणाऱ्या माणसाकडे एवढी रक्कम असेल असं कुणाला वाटलं नसतं. विकलेल्या शेअरचे पैसे त्यांनी जसेच्या तसे ठेवून दिले होते.

यंदा बाबांच्या जागी चिठ्ठी लिहायची होती टोचणीला. तिने ठरवून टाकलं होतं: बाबांसारखाच खालचा भाव लिहायचा, शंभर शेअर काकांना जाऊ द्यायचे आणि सुटायचं. रोज दुसऱ्यांच्या कंपन्या उसवायच्या आणि वर घरची कंपनी गळ्यात कशाला? पण खोटा भाव लिहायचा तरी खरा किती ते कळायला हवं की नको? सवयच ती. सभेच्या आदल्या आठवड्यात ती कारखान्यात गेली.

काका शेडमध्ये होते. पाइप कापणाऱ्या यंत्राचा आवाज, शिड्यांच्या पायांना लावायच्या रबरी बुटांच्या पिशव्या, रिव्हेटचे डबे, सगळं होतं तिथेच होतं. तयार मालातली एक शिडी भिंतीला टेकवलेली होती. पूर्वी दर खेपेला काका स्वतः तिच्या टोकापर्यंत चढायचे आणि बाबा खाली धरून उभे असायचे. आज काका तिच्याकडे न बघता पुढे गेले.

"चल वर. तुला काहीतरी दाखवायचंय," ते म्हणाले.

वर ऑफिसात टेबलभर एक नकाशा पसरलेला होता. दुसरा कारखाना, याच्या तिप्पट. पैसा बँकेचा, तारण हा कारखाना, जागेसकट आणि यंत्रांसकट.

"बँकेचा मॅनेजर स्वतः चालून आला," काका म्हणाले. "म्हणतो, तुमच्या कंपनीवर एक पैशाचं कर्ज नाही, तुम्हाला नाही द्यायचं तर कुणाला द्यायचं?"

मॅनेजरने काकांना पुरतं हरभऱ्याच्या झाडावर चढवलेलं दिसत होतं. टोचणीने आकडे वाचले. दोन वर्षं मागणी मंद राहिली, तर हप्ते निघणार नाहीत, आणि मग बँक जुना कारखानाही घेऊन जाईल. हे तिला तिथल्या तिथे दिसलं. दुसऱ्या कुणाची कंपनी असती तर तिने तोंडावर सांगितलं असतं आणि फीही घेतली असती. पण आपण आठवड्याने यातून बाहेर, मग म्हाताऱ्या माणसाचा उत्साह का मोडावा?

"तुला काय वाटतं?" काकांनी विचारलं.

"चांगलं आहे, काका."

आणि काकांचा चेहरा पडला. ही गोष्ट टोचणीने बरोबर टिपली. कौतुक केल्यावर माणूस खुलतो. काका मात्र नकाशाची घडी घालत बसले, एखादं पोर वाट बघून कंटाळावं तसे. "चांगलं आहे म्हणतेस," असं एकदा पुटपुटले आणि तिला चहा विचारायचंही विसरले.

घरी येऊन तिने मूल्यांकन मांडलं. कारखान्यातून पुढे किती रोकड निघेल ते काढलं, शिड्या बनवणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांशी ताडून पाहिलं, आणि उद्या सगळं मोडीत काढलं तर काय हाती येईल तेही बघितलं. कुठूनही गेलं तरी आकडा चारशेच्या आसपास यायचा. मागची वर्षंही तिने तपासली. काकांचा भाव नेहमी हुरळलेला, बाबांचा नेहमी निम्म्यावर आलेला. बाबांना हिशेब येत नव्हता असं तर नव्हे. मग का?

ती उलट बाजूने विचार करायला लागली. बाबांचे शेअर घ्यायला काका पैसा आणायचे कुठून? त्यांचं जे काही होतं ते कारखान्यात. म्हणजे सभा झाली की कंपनी नफ्यातून तिघांना लाभांश वाटायची, तेव्हा काकांच्या हाती रक्कम यायची आणि ती बाबांकडे जायची. कंपनीची तिजोरी त्या वर्षापुरती रिकामी. आणि तिजोरी रिकामी झाली की काय व्हायचं? तिला आठवायला लागलं. एका वर्षी काका प्लास्टिकच्या खुर्च्या काढणार होते. एका वर्षी लिफ्ट बनवणार होते. एकदा तर परदेशातून एक भलंमोठं यंत्र आणायचं ठरलं होतं. त्या वर्षीही सभेनंतर पैसा उरला नाही आणि यंत्र राहून गेलं. काकांची सगळी स्वप्नं अशीच राहून गेली होती, आणि कारखाना मात्र राहिला होता.

टोचणी उठून उभी राहिली. पुढच्याच दिवशी ती आत्याकडे गेली.

आत्या दातांची डॉक्टर. भाचरांशी बोलायची तिची जागा एकच, दवाखान्यातली ती आडवी होणारी खुर्ची. टोचणीने आधी सगळं घडाघडा सांगून टाकलं आणि विचारलं, "आत्या, बाबा मुद्दाम कमी लिहायचे ना?"

"आ कर," आत्या म्हणाली. टोचणीने तोंड उघडलं. आत्याने आरसा घातला, गालात कापसाचा बोळा कोंबला, आणि आता ही मधे बोलणार नाही याची खात्री झाल्यावर सांगायला लागली.

"तुझा काका वाईट नाही गं. पण पैसा हातात आला की त्याला काहीतरी सुचतं. लहानपणापासून. आणि त्याला तोंडावर नाही म्हणणं आमच्या घरात कुणाला जमलं नाही. तुझ्या बाबाने एकदा म्हणून बघितलं, तर दोघं वर्षभर बोलत नव्हते. मग त्याने हा मार्ग काढला. भांडायचं नाही, फक्त खालचा भाव लिहायचा. आपला वाटा दरवर्षी थोडा थोडा सोडायचा, पण कंपनीतला फालतू पैसा बाहेर काढायचा. लोक भित्रा म्हणाले. म्हणू दे म्हणाला."

टोचणीचे डोळे भरून आले. आत्याला वाटलं, दुखलं. "दुखतंय का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता दुसऱ्या दाताकडे वळली.

टोचणीला एकच प्रश्न विचारायचा होता. काकांना हे माहीत होतं का? पण तोंडात कापूस होता. बोळा निघेपर्यंत बाहेर पुढचा पेशंट गाल धरून उभा होता, आणि आत्याने हात धुवायला घेतले होते.

सभा रविवारी सकाळी, कारखान्याच्या ऑफिसात. यंत्रं बंद, त्यामुळे खालची शेड ओळखू येत नव्हती. टेबलावर तीन कोऱ्या चिठ्ठ्या आणि बाजूला तो नकाशा. बँकेच्या कागदांवर काका उद्या सही करणार होते.

टोचणीने पेन उचललं. खालचा भाव लिहिला तर ती सुटणार होती, पण बाबांचे शेवटचे शंभर शेअरही जाणार होते. शिवाय त्याने आता थांबणार काय होतं? तिजोरी रिकामी करून काकांना आवरता यायचं, ते पैसा आपला होता तोवर. आता पैसा बँकेचा होता. बाबांची युक्ती बाबांबरोबरच संपली होती. मग तिने तेच केलं जे ती रोज अनोळखी लोकांसाठी करायची. खरा वाटतो तो भाव लिहिला. चारशे दहा. काका पाचशेच्या वर जाणार, आत्या खाली, आपण मधे, असा तिचा हिशेब.

आत्याने चिठ्ठ्या उघडल्या. "माझी, साडेतीनशे." दुसरी उघडली. "पोरीची, चारशे दहा." तिसरी उघडली आणि ती थांबली. चष्मा वर केला, खाली केला.

"एकशे ऐंशी," ती म्हणाली. "अरे, हे काय लिहिलंस?"

काका खिडकीकडे बघत होते. "बरोबर आहे ते."

"का?" टोचणीच्या तोंडून निघून गेलं.

"तू मूल्यांकन करतेस ना? मग सांग की." काका वळले. "मी पाचशे लिहायचो, कारण मला ठाऊक होतं, धाकटा खाली ओढणार. मला काय कळत नव्हतं? पहिल्याच वर्षी कळलं होतं. चिडलो होतो. मग पुढे पुढे बरं वाटायला लागलं. मनात येईल ते ठरवायचं, कितीही वरचं ठरवायचं. खाली तो धरून उभा आहे, मग पडायची भीती कसली?" त्यांनी टेबलावरच्या नकाशाकडे बोट केलं. "आता मी एकटा चालवणार. मला कुणी नाही म्हणत नाही. बँक हो म्हणते, ताई काही बोलत नाही, तू चांगलं आहे म्हणालीस. अशा कंपनीचा शेअर मी स्वतः एकशे ऐंशीच्या वर घेतला नसता."

टोचणीला केस कापायचं दुकान आठवलं. खुर्च्या, आरसे, कात्र्या सगळं तिने धरलं होतं. न्हावी गेलाय, एवढंच धरायचं राहिलं होतं. बाबांनी कान धरला असता.

"म्हणजे आता माझे शंभर शेअर तुला घ्यावे लागणार," काका म्हणाले. "नियम आहे. पैसे आहेत का तुझ्याकडे?"

"आहेत," ती म्हणाली. "तुमचेच आहेत. बाबांनी एक पैसाही खर्च केला नव्हता."

काकांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा. आत्या उठून पाणी आणायला गेली, जे टेबलावर होतंच.

काही वेळाने काकांनी नकाशा पुढे ओढला आणि टेबलभर पसरला. तिच्याकडे न बघता विचारलं, "आता नीट बघून सांग. चांगलं आहे का?"

टोचणीने नीट बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली. वर्षभर कुणी न म्हटलेला तो एक शब्द ऐकून त्यांचा चेहरा असा उजळला, की आत्या पेला हातात घेऊन दारातच थांबली.

"का?" काकांनी विचारलं.

टोचणीला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता, तो नेहमी तीच विचारायची. तिने खुर्ची पुढे ओढली, पेन्सिल घेतली आणि पहिल्या आकड्यापासून सांगायला लागली.